वहीतलं कोकम

माझे सासरे कशाने गेले असं कुणी विचारलं, की आमच्या घरात एकच उत्तर तयार असतं. ब्रेन हॅमरेज. नवरा तेच सांगतो, आत्याबाई जिवंत होत्या तोवर त्याही तेच सांगायच्या. मी मात्र दर वेळी मध्ये तोंड घालते. "मेंदूच्या दुखण्यातून ते वर येत होते," मी म्हणते, "गेले ते पोटाने." मग नवरा माझ्याकडे एकदा बघतो आणि समोरच्या माणसाला चहा घेणार का विचारतो. इतकी वर्षं झाली, पण त्या चहाच्या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

सासऱ्यांना मी बाबा म्हणायची. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. रत्नागिरी शहराच्या बाहेर सहा-सात किलोमीटरवर आमचं घर आणि मागे वर कातळावर हापूसची बाग. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घर चालायचं ते आत्याबाईंच्या हुकमावर. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आलेली. आणि माझं माहेर कराडचं, म्हणजे मी घाटावरची. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झालेली, दोन मुलं झाली, खोबरं खवायला शिकले, मासळी सोडून कोकणातलं सगळं रांधायला शिकले, तरी मी घाटावरचीच. काही चुकलं की आत्याबाई म्हणायच्या, "तिला काय ठाऊक, ती घाटावरची." रागाने नाही म्हणायच्या. रागाने म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

बाबांना माझं कौतुक होतं ते एकाच गोष्टीचं, अक्षराचं. आंब्याच्या दिवसांत पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या ते माझ्याकडून लिहून घ्यायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. त्यांची एक सवय होती. लिहिताना काही चुकलं तर ते बोलायचे नाहीत, खोडायचेही नाहीत. चुकलेल्या शब्दावर बोट ठेवायचे आणि गप्प बसायचे. आपली चूक आपल्याला कळेपर्यंत ते बोट हलायचं नाही. शाळेत सगळी वर्षं मुलांना असंच शिकवलं म्हणे. माझी वेलांटी चुकायची, तिथे ते बोट हमखास यायचं.

दोन हजार दोन सालच्या एप्रिलात, पडवीत पेट्या भरणं चाललेलं असताना, बाबा पेंढ्यावर बसल्या बसल्या एका अंगावर कलंडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव आहे, पण मोठा नाही, ऑपरेशनची गरज नाही, प्रेशर ताब्यात ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. "पहिला आठवडा नीट गेला तर हळूहळू उठून बसतील." हे वाक्य मी मंगळसूत्रासारखं गळ्यात बांधून घेतलं. बाबा उठून बसावेत, यापलीकडे मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं. त्या घरात मला माणसात जमा धरणारं तेवढं एकच माणूस होतं.

दवाखाना लहान, सिस्टर दोन. त्यामुळे रुग्णाला भरवायचं काम घरच्यांचं. बाबांच्या नाकातून पोटात नळी घातलेली. दर दोन तासांनी त्या नळीला मोठी सिरिंज लावायची, आधी मागे ओढून बघायचं की पोटात आधीचं काही राहिलंय का, आणि मग दूध, पेज, गाळलेलं वरण हळूहळू सोडायचं. सिस्टरने पहिल्या दिवशी दाखवलं, दुसऱ्या दिवसापासून मी करू लागले. पलंगाला सुतळीने एक वही बांधलेली होती. वेळ, काय दिलं, किती दिलं, मागे काय आलं, अशा चार रकान्यांची. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे, ती वही वाचायचे, खाली सही करायचे. दिवसा मी, रात्री आत्याबाई. नवरा बाग आणि दवाखाना अशा फेऱ्या मारायचा, कारण आंबा काही कुणाच्या आजारपणासाठी झाडावर थांबत नाही. आत्याबाई रात्री भरवायच्या पण वहीत लिहायच्या नाहीत. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," म्हणायच्या. त्यामुळे रात्रीचे रकाने कोरेच असायचे. सिस्टर रोज कुरकुर करायची आणि रोज सोडून द्यायची.

दुसऱ्याच दिवशी आत्याबाई घरून बाटली घेऊन आल्या. आमसुलं भिजत घालून, साखरजिरं घालून केलेलं कोकमाचं पाणी. "एवढी औषधं पोटात गेली, पित्त होणार त्याला. कोकमासारखं थंड काही नाही." मी सिस्टरला विचारलं. सिस्टरही इथलीच. म्हणाली, "गाळून द्या हो थोडं, काही होत नाही." दिलं. दोन तासांनी मी सिरिंज ओढली तर नळीतून तांबडं आलं. मी किंचाळले. सिस्टर धावली, सफाईची मावशी धावली, शेजारच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला. आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगो, कोकम ते. सकाळी दिलं ते विसरलीस?"

झालं. माझं हसं झालं ते झालंच. वर आल्यागेल्या प्रत्येकाला ती गोष्ट ऐकवणं सुरू झालं. "आमच्या सुनेने कोकमाला रक्त म्हणून दवाखाना डोक्यावर घेतला. घाटावरची ना, त्यांना चिंचेपलीकडे काही ठाऊक नसतं." बघायला येणाऱ्यांची तर जत्रा. शहाळी घेऊन यायचे, ज्याला पाण्याचा घोट गिळता येत नाही त्याच्या उशाशी ठेवायचे, आणि त्याच्याच अंगावरून एकमेकांशी बोलायचे. "ह्यातनं उठत नाहीत हो सहसा." बाबांचे कान शाबूत होते. मी दोनदा सांगितलं की त्यांना ऐकू येतं. "असं वाटतं गो आपल्याला," एक बाई मला समजुतीने म्हणाल्या. आणि मग करमणूक म्हणून परत कोकमाची गोष्ट. नवराही हसायचा. त्या हसण्यात एकदा मीही सामील झाले, कारण किती वेळ तोंड फुगवून बसणार?

एक मात्र सांगते. कराडला आमसुलं मिळत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कराडला जाऊन यावं. आमच्या माहेरी श्राद्धाला आमसुलाची चटणी झाल्याशिवाय पान वाढत नाहीत. कोकम मला चांगलं ठाऊक होतं. फक्त ते माणसाच्या पोटातून परत आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी डाव्या हाताने माझं बोट दाबलं. सहज हात लागला असेल म्हणून मी म्हटलं, "बाबा, परत दाबा." परत दाबलं. मग दोन बोटं जुळवून हवेत लिहिल्यासारखं केलं आणि वहीकडे बघितलं. मी सुतळीची गाठ सोडून वही त्यांच्यापुढे धरली. किती वेळ वाचत होते. मास्तरांना तपासायला काहीतरी मिळालं होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "वा, हे फार चांगलं लक्षण आहे." त्या रात्री घरी जाऊन मी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मी गेले. आत्याबाई सहाच्या रिक्षाने घरी परतल्या होत्या, नवरा तेवढा वेळ बसला होता. मावशी बाबांना स्वच्छ करून बाहेर येत होती. "चार दिवसांनी पोट साफ झालं हो," म्हणाली, "पण काळंकुट्ट, डांबरासारखं. आणि वास काय." नवरा म्हणाला, "चला, मोकळे झाले, बरं झालं." सगळ्यांना बरंच वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी सिरिंज लावून मागे ओढली. आलं ते तांबडं नव्हतं. चहा गाळल्यावर तळाशी राहतो तसला गाळ, तपकिरी-काळा, कण कण असलेला.

या वेळी मी किंचाळले नाही. तीच तर चूक झाली. नवऱ्याला हळूच म्हटलं, "हे कोकम नाही."

"मग काय आहे?"

"ठाऊक नाही. पण मी काल दिवसभर फक्त दूध आणि पेज दिलीय. वहीत बघा."

"आत्याने रात्री दिलं असेल."

"मग तिला फोन करून विचारा ना."

घरी फोन होता. दवाखान्याच्या दारात एक रुपयाचा फोन होता. काम दोन मिनिटांचं. आणि माझा नवरा, जो दलालाशी अर्धा अर्धा तास फोनवर हुज्जत घालायचा, तो मला म्हणाला, "रात्रभर जागून ती आत्ता पडली असेल. तिला उठवून विचारायचं की तू काय दिलंस? तिला काय वाटेल? आपण तिच्यावर आळ घेतोय असं वाटेल." मोठ्या माणसाला साधा प्रश्न विचारणं म्हणजे आळ. आमच्या घरचा हा कायदा. या कायद्यापायी आमच्याकडे किती प्रश्न जिभेवरच मेले असतील कोण जाणे.

सिस्टर दारातूनच डोकावली. तिच्या हातात दुसऱ्या पेशंटचं सलाईन. "काय झालं?"

मी ट्रे दाखवला. तिने तिथूनच पाहिला. "परवासारखं कोकमच ना?"

"परवा तांबडं होतं. हे काळं आहे."

"रात्रभर पोटात राहिलं की काळवंडतं हो. ओता ते, आणि वहीत लिहा, नाहीतर डॉक्टर मला विचारतील." असं म्हणून गेलीसुद्धा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

नवरा म्हणाला, "लिही ना बाई. रोज रोज काय तमाशा."

पेन माझ्या हातात होतं. समोर शेजारच्या पलंगावरचा तो पेशंट उशीवर कोपर टेकून बघत होता. परवाचा तमाशा बघितलेला, आज पुढचा अंक बघायला तयार. मी ट्रे मोरीत ओतला, नळ सोडला आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, "कोकम". प्रश्नचिन्हसुद्धा दिलं नाही. आणि पुढे सांगितल्याप्रमाणे दूध सोडलं.

साडेनऊला डॉक्टर आले. घाईत होते. वही वाचली, नाडी बघितली, म्हणाले, "नाडी जरा जलद आहे, उकाड्याने असेल." खाली सही केली. मी तोंड उघडलं होतं. "डॉक्टर, सकाळी जे आलं ना..." तर म्हणाले, "हो, वाचलं. कोकम आता बंद करा, काही गरज नाही त्याची." आणि गेले. आता मला सांगा, ज्याला पाच पावलं चालून नळीला सिरिंज लावता येते, त्याने वही का वाचावी? कागद वाचायला डॉक्टर कशाला लागतो? तो बाबांनीही वाचला असता.

आणि बाबांनी वाचला. अकराच्या सुमाराला त्यांनी परत ती लिहिण्याची खूण केली. मी वही पुढे धरली. डावा हात वर आला आणि बोट त्या पानावर टेकलं. आजच्या सकाळच्या ओळीवर, शेवटच्या रकान्यावर. तिथून हलेना. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, अक्षर बघतायत. मी हसून म्हणाले, "घाईत लिहिलंय बाबा, नंतर नीट काढीन." ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात आपोआप खाली घसरला. तळवा गार लागत होता. एप्रिलातल्या अकरा वाजता, जिथे आमच्या अंगाला पदर चिकटत होता, तिथे त्यांचा हात गार. मी त्यांच्या अंगावर चादर घातली.

दुपारी तीन वाजता त्यांना दरदरून घाम फुटला. मी सिरिंज ओढली ती भरून आली, काळी नाही, लालभडक. मग मात्र सगळे धावले. वरातीमागून घोडं कसं धावतं ते मी त्या दिवशी पाहिलं. नळीतून गार सलाईन घालून पोट धुणं, इंजेक्शनं, बाटल्या, रक्त आणा, रक्त आणा. परवापर्यंत उशाशी गप्पा झोडणाऱ्या पाहुण्यांपैकी दोघे तिथेच होते. एकाला शुगर निघाली, दुसऱ्याला एकदम काम आठवलं. रक्त दिलं नवऱ्याने आणि आमच्या बागेत राखणीला असलेल्या दोघा नेपाळ्यांनी, जे बाबांना "मास्तरजी" म्हणायचे.

डॉक्टर घाम पुसत बाहेर आले आणि तेव्हा, चौथ्या दिवशी दुपारी, आम्हाला पहिल्यांदा समजावून सांगू लागले. मेंदूवर असा आघात झाला की त्याचा ताण जठरावर येतो. आतून जखमा होतात, त्यातून रक्त वाहतं. पोटातल्या आम्लात ते रक्त काळं पडतं, चहाच्या गाळासारखं दिसतं. शौचाला डांबरासारखं होतं. "असं होतं कधी कधी अशा पेशंटमध्ये," ते म्हणाले. मग विचारलं, "गुडघेदुखीच्या वगैरे गोळ्या घेत होते का?"

घेत होते. दोन वर्षं घेत होते. हे विचारायला चार दिवस लागले. आणि असं होतं हे जर ठाऊक होतं, तर पहिल्या दिवशी एक वाक्य सांगायला जीभ झिजत होती? "नळीतून काळं आलं तर मला बोलवा." सहा-सात शब्द. मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले असते, चांगल्या अक्षरात.

तेवढ्यात आत्याबाई डबा घेऊन जिना चढून आल्या. धावपळ बघून भिंतीला टेकल्या. नवऱ्याने विचारलंच शेवटी, जे सकाळी सातला विचारायचं होतं ते. "आत्या, तू रात्री कोकम दिलं होतंस?"

"मी? नाही बा," आत्याबाई म्हणाल्या. "परवा हिची एवढी चेष्टा झाली, हिचं तोंड उतरलेलं बघून मलाच कसंतरी झालं. बाटली मी तेव्हाच घरी नेली. परवापासून नाही दिलं मी ते."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. आत्याबाईंवर मी आयुष्यभर चिडले, पण त्या क्षणी मला त्यांच्यावर चिडताही येईना. त्यांनी माझ्यासाठी बाटली परत नेली होती, आणि आम्ही मात्र त्या घाबरतील, दुखावतील म्हणून त्यांना विचारलं नव्हतं.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, सकाळी सातला कळलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. आठ तास म्हणजे बराच वेळ असतो." मग कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं, मेंदूतला रक्तस्राव. पोटाचा उल्लेख नाही. पोटाबद्दल लिहायचं तर त्या आठ तासांबद्दलही लिहावं लागलं असतं. निघताना मी पलंगाची सुतळी तोडली आणि वही पिशवीत टाकली. सिस्टर म्हणाली, ती दवाखान्याची आहे. मी तिच्याकडे असं बघितलं की ती बाजूला झाली.

पुढचं वर्ष मी ती वही कपाटात साड्यांखाली ठेवली. मनाशी ठरवलं होतं, एक ना एक दिवस ही सगळ्यांच्या पुढ्यात टाकायची. नवऱ्याच्या, आत्याबाईंच्या, जमलं तर त्या डॉक्टरच्याही.

तो दिवस वर्षश्राद्धाचा आला. घर पाहुण्यांनी भरलेलं. ओटीवर कुणीतरी हळहळलं, "मेंदूतलं म्हणजे काय, देवाच्याही हातात नसतं," आणि नवरा मान डोलावत म्हणाला, "हो ना, कुणीच काही करू शकलं नसतं." मी आत पाट्याशी होते. श्राद्धाची आमसुलाची चटणी पाट्यावरच वाटायची, ही आत्याबाईंची शिस्त. हात तसेच घेऊन उठले, कपाट उघडलं, वही काढली. आज सगळ्यांना वाचून दाखवते म्हटलं, कुणी काय केलं आणि कुणी काय केलं नाही ते.

ते पान उघडलं. रात्रीचे रकाने कोरे होते, आत्याबाईंचं त्यात काही नव्हतं. सिस्टर काय बोलली ते कुठे नव्हतं. नवरा काय म्हणाला तेही नव्हतं. डॉक्टरांची नुसती सही होती, काय वाचून केली ते वरच्या ओळीत होतं. सबंध पानावर अक्षर माझ्या एकटीचंच. सुबक, ठसठशीत, कुणालाही एका नजरेत वाचता यावं असं. जिथे बाबांनी बोट ठेवलं होतं तिथे बरोबर तो शब्द होता, आणि त्यात वेलांटी नव्हती, चुकण्यासारखं काही नव्हतं. मी त्यावर माझं बोट ठेवलं. वाटलेल्या आमसुलाचा डाग कागदावर उमटला.

आतून आत्याबाईंनी हाक मारली, "अगो, चटणी झाली का? पानं घेतायत." मी वही मिटून परत साड्यांखाली सारली आणि जाऊन उरलेली आमसुलं वाटली. तेव्हापासून दर वर्षी ती चटणी मीच वाटते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.